नॉर्ड लेकचा अनुशेष

मृत्यू हा मानवी व्यवहारातला सर्वांत जुना, सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत भोंगळपणे चालवला गेलेला उपक्रम आहे. बाकीच्या धंद्यांत गिऱ्हाईक येईल की नाही ही चिंता असते. या एका धंद्यात ते येणार हे नक्की असतं, आणि तरीही हजारो वर्षांत कोणी त्याचं वेळापत्रक बांधलेलं नाही. माणसं मनाला येईल तेव्हा मरतात. कोणी नाताळच्या सकाळी मरतं, कोणी भट्टीत पाव टाकून मरतं. ही बेशिस्त आजवर खपवून घेतली गेली त्याचं कारण एवढंच, की या क्षेत्रात प्रशिक्षित मनुष्यबळ आलं नव्हतं.

मिनेसोटातल्या नॉर्ड लेक गावात ते एका डिसेंबरात आलं. त्याचं नाव ब्रेडन, आणि तो मार्व्हिन टोस्ट्रुडचा जावई होता.

मार्व्हिन गावात अंत्यविधीगृह चालवायचा. आजोबांनी सुरू केलेलं, वडिलांनी वाढवलेलं. गावातले झाडून सगळे लुथेरन प्रॉटेस्टंट शेवटी मार्व्हिनकडे यायचे. (कॅथलिक शेजारच्या गावी जात. मेल्यावर तरी एकत्र या, असं त्यांना कोणी सुचवलं नाही.) हाताखाली दोन माणसं होती. ड्वेन हा शाळेपासूनचा मित्र. तो शववाहिका चालवायचा आणि कबर खणायचा. लव्हॉन मृतांचे केस आणि चेहरा करायची. तिघांनी मिळून तीस वर्षांत एकही बैठक घेतली नव्हती. एवढ्यावरून तिथल्या कारभाराची कल्पना यावी.

ब्रेडन आधी मिनियापोलिसला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. इतरांचं काम भराभर व्हावं हे त्याचं काम. ते त्याने इतकं चोख केलं, की एके दिवशी कंपनीच्या लक्षात आलं, तो स्वतः काहीच करत नाही. मग मुलीचा मार्व्हिनला फोन आला. "बाबा, थोडे दिवस त्याला तुमच्याकडे घ्या. घरी बसून तो माझ्या फ्रिजवर रकाने आखतोय."

ब्रेडन आला तो ॲजाइल आणि लीन या दोन विद्यांची प्रमाणपत्रं घेऊन. पहिली विद्या म्हणते, काम लहान लहान तुकड्यांत करा आणि दर दोन आठवड्यांनी थांबून बघा. दुसरी म्हणते, ज्याचा गिऱ्हाइकाला उपयोग नाही ते सगळं वाया. दोन्ही विद्या मुळात शहाण्या आहेत. त्यांची चूक एवढीच, की त्या दोन दिवसांत शिकता येतात.

पहिल्या आठवड्यात ब्रेडनने नुसतं निरीक्षण केलं आणि जे दिसलं त्याने तो हादरला. नातेवाईक तासन्‌तास नुसते बसून राहत : वाया. शववाहिका सायकलच्या वेगाने का जाते, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं : वाया. लव्हॉन मागच्या बाजूचे केसही सेट करायची, जे उशीत दबून कोणालाच दिसत नाहीत.

"हे कोणासाठी?" ब्रेडनने विचारलं.

"ही बाई जिथे चाललीय ना, तिथे ती उठून बसणार आहे," लव्हॉन म्हणाली. "तेव्हा दिसतील."

ब्रेडनने तिच्या नावापुढे 'बदलाला विरोध' अशी नोंद केली.

हिवाळ्यात त्या भागातली जमीन इतकी गोठते, की कबर खणता येत नाही. त्यामुळे थंडीत मेलेल्यांना दफनभूमीच्या कडेला एका दगडी खोलीत वसंतापर्यंत ठेवतात. ब्रेडनने खोलीचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. लीनमध्ये माल साठवून ठेवणं हे महापाप आहे.

"हा साठा आहे," तो पुटपुटला.

"ही मिसेस एकलुंड आहे," मार्व्हिन म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उभी सभा सुरू झाली. सगळ्यांनी उभं राहायचं, कारण बसलेला माणूस जास्त बोलतो. (आडवा झालेला अजिबात बोलत नाही, पण त्या दृष्टीने अजून संशोधन झालेलं नाही.) प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची : काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय.

"काल पुरलं नाही," ड्वेन म्हणाला. "आज पुरणार नाही. अडथळा, जमीन गोठलीय."

ब्रेडनने लिहून घेतलं. 'अडथळा : जमीन. दूर करण्याची जबाबदारी : ब्रेडन. मुदत : शुक्रवार.'

नंतर गिऱ्हाइकांचं मत मागवायला सुरुवात झाली. प्रत्यक्ष लाभार्थी उत्तर देत नसल्यामुळे नातेवाइकांना विचारण्यात आलं, 'आमची सेवा घ्यावी असं तुम्ही एखाद्या मित्राला सुचवाल का?' एका विधवेने लिहिलं, 'मित्राला नको. दिराला जरूर.' हे मत शंभर टक्के अनुकूल धरण्यात आलं.

मार्व्हिनला यातलं काही आवडत होतं असं नाही. पण नॉर्ड लेकमध्ये नापसंती व्यक्त करायची एक ठरलेली रीत आहे. तिथे कोणी "हे वाईट आहे" म्हणत नाही. "वेगळंच आहे" म्हणतात, आणि त्याहून कडक शब्द त्या भाषेत नाही. मार्व्हिन रोज म्हणायचा, "वेगळंच आहे." ब्रेडन शहरात वाढलेला. त्याला ती शाबासकी वाटायची.

खरी अडचण पुढे होती. दोन आठवड्यांच्या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात, आणि टप्प्याच्या सुरुवातीला आपण किती काम उरकू याचं वचन द्यावं लागतं. आता वचन द्यायचं तर पुढे काय येऊ घातलंय ते माहीत हवं. याला अनुशेष म्हणतात. ब्रेडनने सरळ विचार केला : जे मरायचे बाकी आहेत त्यांचा अनुशेष मांडावा. त्याने चर्चमधली प्रार्थनेची यादी घेतली, दवाखान्याच्या बाकावर दोन दुपारी काढल्या, कॅफेत कॉफी प्यायला बसला. मग मागच्या खोलीतल्या भिंतीवर 'करायचे', 'चालू' आणि 'झाले' असे तीन रकाने आखून पहिल्यात पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर गावातल्या एकेका जिवंत माणसाचं नाव होतं आणि खाली श्रमांचे गुण. गुण एक, दोन, तीन, पाच, आठ आणि तेरा एवढेच. चार का नाहीत असं ड्वेनने विचारलं तेव्हा ज्याच्या आकड्यांच्या मालिकेत चार येत नाही अशा एका इटालियन गणितज्ञाचं नाव ब्रेडनने सांगितलं. तो कित्येक शतकांपूर्वी वारला आहे हे कळल्यावर ड्वेनला त्याचा या धंद्याशी संबंध पटला.

"ही माणसं जिवंत आहेत," मार्व्हिन म्हणाला.

"सध्या," ब्रेडन म्हणाला.

"वेगळंच आहे," मार्व्हिन म्हणाला आणि कॉफी आणायला गेला. तेव्हाच चिठ्ठ्या उतरवायला हव्या होत्या हे त्याला कळत होतं. पण जावयाला घालूनपाडून बोलायचं म्हणजे मुलीच्या डोळ्यांत पाणी, आणि सणाला रिकाम्या दोन खुर्च्या.

पुढच्या मंगळवारी बोर्गहिल्ड आली. ती मार्व्हिनची आत्या. वय एक्याण्णव, पाठ ताठ, हातात दालचिनीचा केक. मोरी शोधताना तिने भलतंच दार उघडलं. आत भिंतीपाशी ब्रेडन होता.

"हे काय लावलंय रे भिंतीला, पोरा?" तिने विचारलं. "वाढदिवस?"

"नाही," ब्रेडन म्हणाला. "म्हणजे, एका अर्थी उलट."

तिने चष्मा लावला. "माझं नाव सगळ्यांच्या वर दिसतंय."

"वरचं म्हणजे सर्वाधिक महत्त्वाचं."

बोर्गहिल्डला क्षणभर बरं वाटलं. सहा भावांच्या पाठीवर जन्मलेली ती. घरात मांसाची थाळी तिच्यापर्यंत यायची तेव्हा त्यात रस्साच उरलेला असायचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला पहिला नंबर दिला होता. मग तिने बाकीची नावं वाचली आणि तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे मी आधी मरणार?"

"'आधी' नाही," ब्रेडन समजुतीने म्हणाला. "'प्राधान्याने'."

"आणि हा दोनचा आकडा?"

"दोन गुण. तुमचं काम सोपं आहे. वजन कमी, चर्च एकच, नातेवाईक एकमेकांशी बोलतात."

"ऑर्व्हिल स्टेनरसनला मात्र तेरा?"

"त्यांची दोन लग्नं झालीत."

"तीन," बोर्गहिल्ड म्हणाली. "एक कॅनडात झालं होतं."

ब्रेडनने तत्काळ दुरुस्ती केली. नव्या माहितीचं सदैव स्वागत करावं, हे या पद्धतीचं मूलतत्त्व आहे.

बोर्गहिल्डने केक टेबलावर ठेवला, कोटाची बटणं लावली आणि दारात उभ्या असलेल्या मार्व्हिनकडे बघून म्हणाली, "वेगळंच आहे."



बुधवारी चर्चच्या तळघरात कॉफी असते. गुरुवारपासून माणसं येऊ लागली. कोणी घडीच्या खुर्च्या मागायला, कोणी गेल्या वर्षी विसरलेली छत्री शोधायला. नॉर्ड लेकचा माणूस कारण असल्याशिवाय कुठे जात नाही आणि खरं कारण कधी सांगत नाही. जो तो मागच्या खोलीत डोकावून जायचा. भरल्या अंगाची हेलन ब्राटली आपले आठ गुण बघून लाल झाली, कारण आठ कशाचे हे तिला न सांगता कळलं. पीटर ओस अगदी खाली होता. त्याला वाटलं, आपल्याला डावललं. "मलाही रक्तदाबाचा त्रास आहे म्हटलं," तो जाता जाता म्हणाला. भांडण कोणीच केलं नाही. सगळ्यांनी खायला काहीतरी आणलं होतं.

आणि मग नॉर्ड लेकच्या म्हाताऱ्यांनी जे केलं त्याला सहकाराच्या इतिहासात तोड नाही. त्यांनी सभा घेतली नाही, निषेध नोंदवला नाही. त्यांनी फक्त मरायचं थांबवलं.

ऑर्व्हिलला दोन झटके येऊन गेले होते. त्याने पन्नास वर्षं ओढलेला पाइप तळ्यावरच्या बर्फात मासे पकडायला पाडलेल्या भोकात टाकला. हेलनने लोणी सोडलं. बोर्गहिल्ड रोज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या बरोबर फेऱ्या मारू लागली आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर. पहिल्या स्प्रिंटमध्ये पाच जणांचं वचन होतं. कोणी गेलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात फ्लूची साथ आली, आजूबाजूच्या गावांत धावपळ उडाली आणि नॉर्ड लेकमध्ये सगळे गरम सूप पिऊन बरे झाले. ब्रेडनच्या 'झाले'च्या आलेखाची रेघ जमिनीला टेकून सरळ चालली होती. (सातत्य : शंभर टक्के.)

मार्व्हिनवर मात्र विलक्षण पाळी आली. शेतकऱ्याला पाऊस मागता येतो, वाण्याला गिऱ्हाईक मागता येतं. त्याने देवाकडे काय मागायचं? असंच चाललं तर उन्हाळ्याआधी ड्वेन आणि लव्हॉन, दोघांनाही घरी पाठवावं लागणार होतं. रोज सकाळी कामावर जाताना तो आत्याच्या घरावरून गाडी न्यायचा. स्वयंपाकघरात दिवा दिसला की भाचा म्हणून त्याला बरं वाटायचं. त्यानंतर मालक म्हणून काय वाटायचं, ते तो स्वतःलाही सांगत नसे.

फेब्रुवारीत चर्चचं लुटेफिस्कचं जेवण झालं. लुटेफिस्क, म्हणजे क्षारात भिजवून मऊ केलेला सुका मासा, घशात अडकत नाही. तो इतका बुळबुळीत असतो, की खाणाऱ्याने नको म्हटलं तरी खाली जातो. अडकतो तो सोबतचा मीटबॉल, आणि तो ऑर्व्हिलच्या अडकला.

ऑर्व्हिल उभा राहिला. चेहरा आधी तांबडा, मग जांभळा. त्याच्या सगळ्यांत जवळ मार्व्हिन बसला होता, आणि सबंध तळघराने वळून बघितलं ते ऑर्व्हिलकडे नाही, मार्व्हिनकडे. काटे हवेत थांबले. मार्व्हिनच्या मनात त्या क्षणी लव्हॉन आली, ड्वेन आला, आणि तेरा हा आकडासुद्धा आला. त्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. पण हात मनाची वाट बघत थांबले नाहीत. त्याने ऑर्व्हिलला मागून कव घातली आणि पोटावर असा हिसका दिला, की मीटबॉल पाद्रींच्या कॉफीत जाऊन पडला.

"आभारी आहे," श्वास आल्यावर ऑर्व्हिल म्हणाला. "तुझ्या जावयाला सांग, आज जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी सिंहावलोकनाची सभा होती. दर स्प्रिंटनंतर ती होते. काय चांगलं झालं, काय सुधारता येईल, हे मोकळेपणाने बोलायचं असतं, कोणाला दोष द्यायचा नसतो.

"कोणाला दोष द्यायचा नाहीये," ब्रेडन म्हणाला. "पण संघातल्याच एका सदस्याने तेरा गुणांचं काम अगदी पूर्ण होत आलेलं असताना अडवलं. पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल?"

"मीटबॉल मोठे करावेत," ड्वेन म्हणाला.

लव्हॉन उठून निघून गेली. मार्व्हिन "वेगळंच आहे" हेसुद्धा म्हणाला नाही. ते ब्रेडनला जाणवलं नाही, मार्व्हिनला जाणवलं.

रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, तो एकटाच मागच्या खोलीत गेला आणि स्टुलावर चढून चिठ्ठ्या काढू लागला. चार-पाच निघाल्या असतील, तेवढ्यात बोर्गहिल्ड आत आली. नाकाचा शेंडा लाल, बुटांना बर्फ. फेरी मारून परतत होती.

"काय करतोयस?"

"काढतोय, आत्या. पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं."

"कशासाठी काढतोयस? आम्हाला वाईट वाटू नये म्हणून, की आम्ही मरावं म्हणून?"

मार्व्हिन स्टुलावरच उभा राहिला. चिठ्ठ्या उतरल्या की गाव रुसवा सोडेल आणि धंदा चालू होईल, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण ज्या बाईने त्याला बोट धरून चालायला शिकवलं होतं, तिच्यापुढे ते म्हणवेना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"मग राहू दे." ती खुर्चीत बसली. "लार्सशी संसार होता तेव्हा सकाळी उठल्याबरोबर त्याच्यावर चिडता यायचं. तो गेला आणि उठावं असं कारणच राहिलं नाही. आता उठते, आणि आधी तुझ्या त्या जावयाला चार शिव्या घालते. मग कॉफी करते. लाव परत."

मार्व्हिनने चिठ्ठ्या परत लावल्या. तिने चष्मा लावून क्रम तपासला. "हेलन माझ्या खाली," ती म्हणाली. "हां. आता बरोबर."

त्या दिवसापासून मार्व्हिनने वाट बघणं सोडून दिलं. ड्वेन खणायच्या यंत्राने गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढू लागला. लव्हॉनने दर्शनी खोलीत आरसा लावून जिवंतांचे केस कापायला घेतले. गिऱ्हाईक मान हलवतं याची तिला सवय व्हायला वेळ लागला. आत्याच्या स्वयंपाकघरातला दिवा आता मार्व्हिन नुसता भाचा म्हणून बघायचा. त्याला कितीतरी दिवसांत इतकी शांत झोप लागली नव्हती.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटला. त्यानंतरच्या एका सकाळी उभी सभा चालू असताना बोर्गहिल्ड आली. तिने आधी ड्वेनला विचारलं, "जमीन मऊ झाली का रे?"

"झाली, बाई. साध्या फावड्याने निघतेय."

ती भिंतीपाशी गेली. आपली चिठ्ठी काढली आणि 'करायचे'मधून उचलून 'चालू'मध्ये लावली. नीट चिकटावी म्हणून अंगठ्याने दाबली.

"आत्या?" मार्व्हिन पुढे आला. "दुखतंय का काही?"

"दुखत नाही. दमलेय," ती म्हणाली. "हिवाळ्यात गेले असते तर त्या दगडी खोलीत एकलुंडबाईच्या शेजारी पडून राहावं लागलं असतं. जिवंतपणी तिने मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. चल, मला घरी सोड."

वाटेत ती रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलली. घराशी आल्यावर मार्व्हिनने तिला हात दिला आणि तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला. त्या भागात एवढं पुष्कळ होतं. आठवडा संपायच्या आत, झोपेत, तिचं झालं. लव्हॉनने तिचे केस केले, सगळ्या बाजूंनी. पहिल्या बाकावर ऑर्व्हिल बसला होता. तो रडला आणि सर्दी झालीय म्हणाला.

बोर्गहिल्डने वाट मोकळी केल्यासारखं झालं. जूनपासून गावातली म्हातारी माणसं एकामागून एक, कोणाची गैरसोय न करता जाऊ लागली. ड्वेन खणायला परत आला. ब्रेडनचा आलेख हिवाळाभर जमिनीवर झोपला होता, तो ताडकन उठला.

यावरून ब्रेडनने काढलेला निष्कर्ष असा, की पद्धत यशस्वी झाली आहे. आणि तो खोटा म्हणता येत नाही. शवपेट्या बनवणाऱ्यांच्या अधिवेशनात त्याने आलेखाचा उन्हाळ्याचा भाग दाखवला, टाळ्या पडल्या. राज्याच्या आरोग्य खात्यात हिवाळ्याचा भाग दाखवला. तिथे नोकरी मिळाली. मार्व्हिनची मुलगी सामान बांधताना वडिलांच्या गळ्यात पडली. "बाबा, बघा, तुम्ही त्याला आधार दिलात म्हणून." मार्व्हिनने भिंतीला पांढरा रंग दिला आणि रंग सुकेपर्यंत तिथेच बसून राहिला.

राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला, गेल्यावर ब्रेडनने हीच सोय सर्वांसाठी खुली केली. फोनवर आपलं गाव, वय आणि दोन-तीन वाईट सवयी भरायच्या, की मरायच्या रांगेतला आपला क्रमांक समोर येतो. पहिल्या आठवड्यातच लोकांची इतकी झुंबड उडाली, की यंत्र बंद पडलं. हा क्रमांक कशावरून काढता, असं एकानेही विचारलं नाही. माझं चुकून तर आलं नाही ना, असं काहींनी विचारलं. पण बहुतेक सर्वांची मागणी एकच होती : शेजाऱ्याचा बघायची सोय करा.

ती सोय लवकरच होणार आहे. आत्ता तुमच्या मनात जे नाव आलं, त्याचं वय तेवढं विचारून ठेवा.